बोटीचा स्टार्टर : जिवासाठीचा स्विच वेगळा, चोरासाठीचा वेगळा

कोकण किनाऱ्यावरील आमच्या अनेक बांधवांचे पोट बोटीवर आहे. मासेमारी असो, खाडीतील फेरी असो वा पर्यटकांची सफर, घरातील मोठी रक्कम इंजिनात अडकलेली असते. तरीही चावी काढून खिशात टाकली की बोट सुरक्षित झाली, असा समज बंदरोबंदरी आढळतो. तो चुकीचा आहे. स्टार्टरला वीज कोणत्या वाटेने मिळते हे पाहिले की कारण कळेल.

बॅटरीची जाड केबल सोलेनॉइडपर्यंत येऊन थांबते. दुसरी बारीक वायर चावीतून आणि गिअरशी जोडलेल्या एका लहान स्विचमधून सोलेनॉइडला जाते. चावी फिरवली की बारीक वायरीतील प्रवाहाने सोलेनॉइड ओढला जातो, जाड केबल मोटारीला जोडली जाते व इंजिन फिरते. मधला लहान स्विच म्हणजे न्यूट्रल सेफ्टी स्विच. बोट गिअरमध्ये असेल तर तो प्रवाह जाऊ देत नाही. दोरी ओढून सुरू होणाऱ्या बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांत हेच काम आतील अटकाव करतो. गिअर पडलेला असताना दोरी ओढलीच जात नाही.

खाऱ्या हवेने हा स्विच गंजतो आणि एके दिवशी चावी फिरवूनही इंजिन गप्प राहते. मग मेकॅनिक दोन वायरी पिळून 'डायरेक्ट' करतो. काम दहा मिनिटांत होते, मालकही खूश होतो. पुढे कधी गिअर पडलेला असताना कोणी चावी फिरवली, तर बोट एकदम झेपावते. कडेला उभा असलेला खलाशी पाण्यात जातो आणि खाली पंखा फिरत असतो. स्विचचे चार पैसे वाचवून हे संकट विकत घेणे आम्हाला मान्य नाही. डायरेक्ट केलेल्या बोटीत प्रवासी तर मुळीच बसवू नयेत.

आउटबोर्डच्या लाल दोरीचेही तसेच. चालक पडला की क्लिप निघते व इंजिन बंद होते. दोरी अंगाला अडकवायची ती त्यासाठी. क्लिप घरी न्यावी, हे बरोबर. पण बहुतेक आउटबोर्डमध्ये हा स्विच इग्निशन 'अर्थ' करून इंजिन बंद करतो. जाणत्या चोराने ती वायर तोडली की अडसर संपला.

चावीचे कुलूप तर त्याहून कच्चे. सोलेनॉइडचे दोन मोठे बोल्ट स्क्रूड्रायव्हरने जोडले की स्टार्टर फिरतो. चावी आणि न्यूट्रल स्विच दोन्ही बाजूला राहतात. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही, त्यामुळे तेवढ्यावर ते सुरूही होते.

म्हणून चोरासाठी अडथळा हवा तो जाड केबलवर. बॅटरीजवळ, कुलूपबंद पेटीत, चावी काढता येईल असा मेन स्विच बसवावा. तो बंद असला की स्क्रूड्रायव्हरला वीजच मिळत नाही. मात्र इंजिन चालू असताना तो बंद करू नये, अल्टरनेटरचे डायोड जळतात. पाणी उपसणाऱ्या पंपाची वायर फ्यूज लावून थेट बॅटरीवरून घ्यावी. नाहीतर बोट चोरापासून वाचेल आणि पावसात बुडेल. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर साधा स्विच चालणार नाही. ठिणगी बाहेर पडू न देणारा, बोटीसाठी बनवलेलाच घ्यावा.

चोर स्वतःची बॅटरी आणू शकतो, हेही खरे. त्यासाठी डिझेलचा कॉक बंद करावा व इंजिनाला हँडल असेल तर ते घरी न्यावे. लहान आउटबोर्ड एकटा माणूसही खांद्यावर नेतो. त्याच्या पकडीच्या स्क्रूंना कुलूप लावावे आणि बंदीच्या काळात इंजिन घरीच ठेवावे.

इंजिन नंबर, बोटीचे फोटो व नोंदणीच्या कागदांच्या प्रती बोटीत नव्हे, घरी असाव्यात. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट समुद्रातच बळकावली होती. आपली बोट दुसऱ्याच्या हाती कशासाठी पडेल, सांगता येत नाही. बोट जागेवर दिसली नाही तर नातेवाइकांकडे विचारपूस करण्यात दिवस घालवू नये. त्याच दिवशी सागरी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी व पोचपावती घ्यावी.