टर्बो पेट्रोल इंजिन: कागदावरचे आकडे आणि गॅरेजमधली दुखणी

मुंबईहून अहमदाबाद महामार्गाने निघालात, मनोर गेलं, चारोटी गेली, की थोड्याच वेळात विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ येतं. गाडीत पाच माणसं, मागे सामान, एसी चालू, आणि कंटेनरांना मागे टाकत गाडी दाबून आणलेली. चालक महामार्ग सोडतो, जागा दिसते तिथे गाडी लावतो, लगेच इंजिन बंद करतो आणि सगळे दर्शनाला जातात. पुढच्या पाच मिनिटांत बॉनेटखाली काय घडतं, तिथूनच सुरुवात करू. कारण टर्बो पेट्रोल गाड्यांची बरीचशी दुखणी या एका प्रसंगावरून समजतात.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन पाती-चक्रं. एक इंजिनाच्या धुराने फिरतं, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. छोट्या गाडीतल्या टर्बोचा दांडा पूर्ण जोरात मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. बहुतेक टर्बोंमध्ये त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. बॉल बेअरिंगही नाही, तेलच. आणि त्याच दांड्याच्या एका टोकाला पेट्रोल इंजिनाचा धूर लागतो, ज्याचं तापमान पूर्ण भाराखाली ९०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत जातं.

इथे आपल्याकडे एक गैरसमज हमखास असतो. ‘आमच्या बोलेरोला टर्बोच आहे की, पंधरा वर्षं झाली, काही झालं नाही.’ खरं आहे. पण ती डिझेल आहे. डिझेलचा धूर त्यामानाने बराच थंड असतो आणि डिझेलमध्ये नॉकिंगचा हा पेट्रोलवाला प्रश्न येत नाही. पेट्रोल टर्बोची वागणूक वेगळी, त्यामुळे डिझेलवरचा अनुभव तिथे पुरत नाही.

आता आकडे पाहू. उदाहरण आपल्या राज्यातलंच, चाकणच्या फोक्सवॅगनचं. २०२० मध्ये पोलो ही एकच गाडी एक लिटरच्या दोन पेट्रोल इंजिनांत मिळत होती. दोन्ही ९९९ सीसी, दोन्ही तीन सिलेंडरची. साधं एमपीआय इंजिन ९५ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं. टर्बोवालं टीएसआय १७५ न्यूटन-मीटर, आणि तेही १,७५० आरपीएमपासून. पुढे कुशाक आणि टायगूनमध्ये हेच इंजिन ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटरपर्यंत गेलं.

जाहिरातीत हे वाचून आपण खूश होतो. पण वहीवर थोडा हिशेब करा. टॉर्क आणि सीसी माहीत असले की पिस्टनवर सरासरी किती दाब पडतो ते काढता येतं. साध्या इंजिनासाठी तो येतो सुमारे १२ बार, टर्बोवाल्यासाठी सुमारे २२. रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनचं १,१९९ सीसीचं टर्बो इंजिन १७० न्यूटन-मीटर देतं, म्हणजे साधारण १८ बार. हे काही गेजवर मोजलेले आकडे नाहीत, तुलनेसाठी काढलेली सरासरी आहे. पण सीसी सारखी असताना पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि तेल यांच्यावरचा बोजा पावणेदोन पटीच्याही पुढे गेला, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. कंपनी त्यासाठी भाग मजबूत करते, नाही असं नाही. पण साध्या इंजिनात जी हयगय खपून जायची, ती इथे खपत नाही.

हयगय म्हटलं की १९६२ची अमेरिकन ओल्ड्समोबिल जेटफायर आठवते. टर्बो पेट्रोल इंजिनाच्या सर्वांत पहिल्या विक्रीच्या गाड्यांपैकी ती एक. नॉकिंग होऊ नये म्हणून तिच्यात पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं. लोक ते भरायला विसरायचे. मग गाडी टर्बोचा दाब कमी करायची आणि मालक तक्रार करायचे की पिकअप नाही. शेवटी कंपनीने पुष्कळ गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. आज ते काम सेन्सर आणि संगणक करतात, पण जादा दाबाखाली पेट्रोल वेळेआधी पेट घेतं, ही अडचण जिथल्या तिथेच आहे.

तिचाच आजचा अवतार सर्वांत महागात पडतो, म्हणून त्यावर जरा थांबू. सिलेंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत, कमी आरपीएमवर जास्त भार आला, तर स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. पिस्टनच्या कडेला साचलेला तेल-पेट्रोलचा थेंब ठिणगीसारखं काम करतो. दाब एकदम कित्येक पट चढतो आणि पिस्टनवरची रिंगांमधली धार तुटू शकते. म्हणजे पूर्ण इंजिन उघडायचं काम. यात तेलाचा हात असतो, विशेषतः तेलातल्या कॅल्शियमयुक्त घटकांचा, हे लक्षात आल्यावर तेलाची मानकंच बदलली. एपीआयचं ‘एसएन प्लस’ २०१८ मध्ये आलं, ‘एसपी’ २०२० मध्ये, ते यासाठीच. तेव्हा डब्यावर नुसतं ‘५डब्ल्यू’ बघून तेल घेऊ नका. मॅन्युअलमध्ये जे मानक छापलंय तेच डब्यावर हवं. दुकानदार म्हणेल, ‘हेही चालतं.’ चालत असेलही, पण तुटलेला पिस्टन तो भरून देणार नाही.

आणि चालवताना? कासा सोडून जव्हारचा घाट चढताय, गाडी भरलेली, चौथ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर गाडी कण्हतेय आणि तुम्ही पाय पूर्ण दाबताय. हे करू नका. गिअर खाली घ्या, आरपीएम वर येऊ द्या. वरच्या गिअरमध्ये मायलेज मिळतं हा हिशेब सपाट रस्त्याचा.

दुसरं दुखणं याच्या उलट, जवळच्या फेऱ्यांचं. डहाणू स्टेशन, बाजार, शाळा, घर. दरवेळी तीन-चार किलोमीटर. इंजिन पूर्ण तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल रिंगांवरून तेलात उतरतं आणि तेल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर समजायचं. आपल्याकडे ‘ऑइल खात नाही’ म्हणून खूश होणारे मालक भेटतात, त्यांनी एकदा हे बघावं. चाकणच्या या गाड्यांना तेल बदलायची मुदत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. आमचं मत विचाराल तर अशा छोट्या फेऱ्या किंवा रोजची वाहतूक कोंडी असेल तर सात-आठ हजारांवर बदला. इंजिनात घालायचा सर्वांत स्वस्त भाग तेल आहे.

बाकीची दुखणी भराभर सांगतो. थेट फवारणीच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, म्हणून ते धुतले जात नाहीत आणि काजळी धरतात. नेक्सॉनच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागून येतं, तिथे हा त्रास फारसा नाही. इंटरकूलरचा रबरी पाइप ढिला झाला की ‘सुस्स’ आवाज येतो आणि पिकअप जातो; कित्येकदा लोक टर्बो बदलायला निघतात आणि निघतो तो क्लॅम्प. हायवेवरच्या काँक्रीटच्या कामांची धूळ खाल्लेला एअर फिल्टर वेळेत बदला, नाहीतर ती धूळ थेट कंप्रेसरच्या पात्यांवर जाते. स्पार्क प्लगच्या मुदती पाळा. थकलेला प्लग कॉइललाही घेऊन बसतो. टर्बोशी संबंध नसलेले बिघाडही असतात: कुशाक २०२१ मध्ये आली तेव्हा काही गाड्यांत इशाऱ्याचा दिवा लागून ताकद जात होती, ते इंधन पंपामुळे निघालं आणि कंपनीने सुधारित पंप बसवून दिले. जुनी फोर्ड इकोस्पोर्ट एक लिटर इकोबूस्ट घेत असाल तर तिचा टायमिंग बेल्ट तेलात चालतो हे लक्षात ठेवा. चुकीचं तेल त्या पट्ट्याचं रबर खातं, आणि ते तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात.

सेकंड हँड गाडी बघायला जाणाऱ्यांसाठी एक सांगायचंय, कारण बरेच जण साठवलेले पैसे यातच घालतात. विकणाऱ्याला आधी सांगा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ द्या. पुढे गरम झाल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं चालू ठेवून मग अॅक्सिलरेटर दाबा. मागून निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा रिंगा, दोन्ही खर्चाचीच कामं. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा हलका ओलावा चालतो, थारोळं चालत नाही. तेल बदलल्याची बिलं मागा, नुसता शिक्का नको. बिलावर कोणतं तेल घातलं ते असतं.

आता विवळवेढ्याला लावलेली गाडी. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो. टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी राहतं, आणि टर्बाइनच्या लालबुंद घराची उष्णता त्यात शिरते. तेल करपून त्याचा कोळसा होतो, अरुंद वाटा बुजतात, आणि पुढच्या वेळी तेल पोचायला उशीर होतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, दोन मिनिटं चालू ठेव. सल्ला बरोबर, पण आता सरसकट नाही. चाकणच्या टीएसआयमध्ये टर्बो आणि इंटरकूलरसाठी पाण्याचं वेगळं वर्तुळ आहे आणि विजेवर चालणारा पंप. गाडी बंद झाल्यावरही गरज पडली तर तो फिरत राहतो. बॉनेटखालून घरघर येते ती त्याचीच, गाडी बिघडलेली नसते. तुमच्या गाडीत असा पंप आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर देवळाच्या अलीकडचे शेवटचे दोन किलोमीटर हलक्या पायाने या. चैत्री पौर्णिमेपासून यात्रेच्या पंधरा दिवसांत तर तेवढंही करावं लागत नाही. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत रांगेत पुढे सरकता सरकता टर्बो आपोआप निवतो. सांभाळायचं ते एरवी, जेव्हा हायवेवरून उतरल्या उतरल्या जागा मिळते.