पिवळे पान दिसले, तेव्हा उशीर झालेला असतो

पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत बाकल्याचे पीक पिवळे, खुरटे करून वाळवणारा विषाणू म्हणजे 'फाबा बीन नेक्रॉटिक यलोज'. १९९१-९२ च्या हंगामात मध्य इजिप्तमधल्या बेनी सुएफ भागात त्याने शेतेच्या शेते हातची घालवली. तो बियाण्यातून येत नाही. वाटाण्यावरचा आणि चवळीवरचा मावा तो आणतो. रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू माव्याच्या आतड्यातून शरीरद्रवात आणि तिथून लाळेत उतरतो. त्यानंतर तो मावा दीर्घकाळ रोग पसरवत राहतो. शेंड्याची पाने जाड, ठिसूळ होऊन वळतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, तोवर विषाणू झाडभर पसरलेला असतो. त्यानंतरच्या फवारणीने ते झाड वाचत नाही.

मग फवारणी व्यर्थच का? तसे नाही. लागण होण्यासाठी माव्याला रस शोषत बसावे लागते, म्हणून सुरुवातीची फवारणी शेतातला प्रसार आटोक्यात ठेवते. मात्र बाहेरून उडत येणाऱ्या रोगवाहक माव्यापुढे ती एकटी अपुरी पडते. माव्याचे थवे टाळणारी पेरणीची वेळ, रोगट रोपे दिसताच उपटणे आणि मोजकी, वेळेवर फवारणी हे तिन्ही एकत्र केले तरच पीक हाती लागते.