छब्बीस जागा, चार जुळण्या आणि एक निरपराध माणूस

न्यायसहायक विज्ञान म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळा आठवते, रक्ताचे नमुने आठवतात. आज मी त्याच्या आतलं तर्कशास्त्र सांगणार आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा माझी वाट तीच. गणित लागेल, पण गुणाकारापुरतंच.

१८९४ साल, पॅरिस. जर्मन वकिलातीच्या केराच्या टोपलीतली एक फाटकी चिठ्ठी फ्रेंच हेरखात्याच्या हाती लागली. लष्करी गुपितांची ती यादी होती, खाली सही नव्हती. संशय आला आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर. त्याला जन्मठेप झाली आणि त्याची रवानगी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या 'सैतानाच्या बेटा'वर झाली.

त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्यांत आल्फाँस बर्तियाँ होते. शरीराची मापं घेऊन गुन्हेगार ओळखण्याची पद्धत यांचीच, त्यामुळे नाव मोठं. पण हस्ताक्षर हा काही त्यांचा विषय नव्हे. त्यांचं म्हणणं काय? चिठ्ठीतलं अक्षर जिथे ड्रेफसच्या अक्षरासारखं दिसतं, तिथे ते त्याचंच. जिथे वेगळं दिसतं, तिथे त्याने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल करून फरक घातला. आता सांगा, यातून कोण सुटणार? जो सिद्धान्त कशानेच खोटा ठरू शकत नाही, तो पुरावा नसतो.

पण बर्तियाँनी आकडेही दिले होते, आणि आकड्यांपुढे माणसं गप्प बसतात. चिठ्ठीत पुन्हा पुन्हा आलेले १३ मोठे शब्द त्यांनी घेतले. प्रत्येकाचा आरंभ आणि शेवट, म्हणजे २६ जागा. त्यांतल्या ४ जागी त्यांना जुळणी आढळली. एक जुळणी योगायोगाने होण्याची शक्यता त्यांनी धरली पाचात एक. मग एक पंचमांशाचा चार वेळा गुणाकार केला. उत्तर आलं ६२५ त एक. इतका दुर्मीळ योगायोग कसा घडेल? म्हणजे लिखाण बनावट!

यात चूक कुठे आहे, ते बघा. एका पिशवीत पाच गोट्या आहेत, एक लाल, चार पांढऱ्या. एक काढायची, रंग बघायचा, परत टाकायची. चारच वेळा काढली आणि चारही वेळा लालच आली, तर ते ६२५ त एकदा घडेल. कबूल. पण आपण २६ वेळा काढली तर? सरासरी पाच वेळा लाल येईलच! निदान चार वेळा येण्याची शक्यता शेकडा ७० हून जास्त आहे. म्हणजे बर्तियाँना जे अद्भुत वाटलं, ते अगदी सामान्य होतं. त्यांनी जुळलेल्या चार जागा मोजल्या, न जुळलेल्या बावीस सोडून दिल्या.

ही चूक दाखवून दिली आंरी प्वाँकारे यांनी. हे मोठे गणिती, आणि सैद्धान्तिक भौतिकशास्त्रातही तेवढेच मोठे. १८९९ मध्ये रेन शहरात ड्रेफसवर पुन्हा लष्करी खटला चालला, तेव्हा त्यांचं पत्र गणिती पँलव्हे यांनी तिथे वाचून दाखवलं. तरीही ड्रेफस दोषीच ठरला! पुढे राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, पण माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार्बू, आपेल आणि प्वाँकारे यांच्याकडून अहवाल मागवला. त्यांनी बर्तियाँची सगळी पद्धतच मोडीत काढली. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरला. चिठ्ठी एस्तरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याची होती.

आता दुसरी चूक, ती अधिक खोल आहे. आपल्या नैयायिकांनी ती केव्हाच ओळखली होती. धुरावरून अग्नीचं अनुमान होतं. पण अग्नीवरून धुराचं होतं का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. म्हणजे अनुमानाची दिशा उलटवता येत नाही. तसंच, 'माणूस निरपराध असेल तर अशी जुळणी दुर्मीळ' हे एक विधान. 'जुळणी झाली, म्हणून तो निरपराध असणं दुर्मीळ' हे दुसरंच.

आजचं उदाहरण घ्या. समजा, एखादा नमुना दहा लाखांत एकाशीच जुळतो. सव्वा कोटी वस्तीच्या शहरात असे बाराएक लोक निघतील. दुसरा काहीच पुरावा नसेल, तर पकडलेला माणूस त्या बारांतला एक आहे, एवढंच कळतं. तो त्या वेळी कुठे होता, त्याला कारण काय होतं, हे न्यायालयानेच बघायचं. प्रयोगशाळेने तो निर्णय द्यायचा नाही.

म्हणून उद्या वर्तमानपत्रात 'लाखात एक जुळणी' असं वाचलंत, तर दोन प्रश्न विचारा. किती ठिकाणी शोधल्यावर ही जुळणी सापडली? आणि आणखी किती जणांशी ती जुळली असती? रेनच्या न्यायाधीशांसमोर पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते ऐकलं असतं, तर ड्रेफसला आणखी सात वर्षं थांबावं लागलं नसतं.