डांबर तापतं, मग पान का तापत नाही?

दरवर्षी २४ एप्रिलच्या सुमारास बंगळूरूत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एचएसआर लेआउटमधल्या विजेच्या खांबाची सावली तेव्हा खांबाच्या बुडाशीच विरून जाते. आकाश निरभ्र असेल, तर रस्त्याच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडत असते. नवं डांबर तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक शोषून घेतं. कडेच्या करंजाचं पानही दिसणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८५ टक्के शोषतं. तरीही रस्त्यावर हात टेकवत नाही आणि पान मात्र हाताला गार लागतं.

सूर्याच्या ऊर्जेत जवळपास निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. त्यातले बरेचसे पान परतवतं किंवा आरपार जाऊ देतं, डांबर मात्र तेही साठवतं. प्रकाशसंश्लेषणातून अन्नात साठते ती ऊर्जा जेमतेम एक-दोन टक्के. उरलेल्या उष्णतेचा मोठा भाग पाणी वाहून नेतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता खर्ची पडते. १००० वॅटचा हीटर ४० मिनिटं चालवला, तर एवढीच उष्णता निघेल. डांबराकडे ही सोय नाही. दिवसभर मुरलेली उष्णता ते रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतं.

पर्यावरण अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरूच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष मोजमाप करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाडं असलेल्या भागात दुपारची हवा ५.६ अंशांपर्यंत, तर रस्त्याचा पृष्ठभाग तब्बल २७.५ अंशांपर्यंत थंड आढळला.

पण झाड तहानलं की रंध्रं मिटून घेतं. मग सावली मिळते, गारवा आटतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि फरश्या बसवलेल्या पदपथावर पावसाचं पाणी मुळांपर्यंत पोहोचतच नाही, ते थेट गटारात जातं. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं.

नवी रोपं जरूर लावा. पण त्याआधी, पहिला वळीव कोसळण्यापूर्वी, आपल्या दारातल्या झाडाभोवतीच्या फरश्या काढायला लावा आणि तिथे मोकळ्या मातीचं आळं करा.