क्वांटम कॉम्प्युटर चुकतो कसा आणि त्याची चूक पकडतात कशी?

क्वांटम कॉम्प्युटर आला की बँकेची कुलपं फुटणार, असं बऱ्याचदा कानावर येतं. आज तसं होत नाही, कारण हे यंत्र फार चुकतं.

मोबाइलमधला बिट ० तरी असतो नाहीतर १. क्युबिट मात्र दोन्हींच्या मिश्रणात राहू शकतो. हे मिश्रण भलतंच नाजूक. गुगलची 'विलो' चिप उणे २७३ अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ थंड ठेवतात. तरी जराशी उष्णता, भटकी लहर, अंतराळातून आलेला एखादा किरणही क्युबिट बिघडवतो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाही तो सरासरी टिकत नाही.

मग उघडून बघावं ना? तिथंच पंचाईत आहे. क्युबिट मोजला की मिश्रण मोडतं, सगळा हिशेबच जातो. कॉपी काढून ठेवावी, तर अनोळखी क्युबिटची हुबेहूब कॉपी निघतच नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेचे गणितज्ञ पीटर शोर यांनी यावर वाट काढली. एका क्युबिटची माहिती ९ क्युबिटांत पसरवायची आणि फक्त शेजाऱ्यांची तुलना करायची. तागडीच्या दोन पारड्यांत दोन पोती ठेवली तर वजन किती ते कळत नाही, पण सारखी आहेत का एवढं कळतं. तसंच हे. 'विलो'मध्ये तपासणीचे क्युबिट वेगळे आहेत. ते साधारण दर मायक्रोसेकंदाला शेजाऱ्यांचा मेळ बघतात. एखाद्याचा दोन्ही बाजूंनी मेळ बसेना, तर बहुधा बिघाड त्याच्यातच. हे शोधायचं काम बाजूचा साधा कॉम्प्युटर करतो.

पण तपासणारेही चुकतात! राखणदार वाढवले आणि तेच पेंगायला लागले, अशी गत. त्यामुळे बरीच वर्षं क्युबिट वाढवून फायदा होत नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने १०५ क्युबिटांच्या 'विलो'वर दाखवलं की जाळी ३ बाय ३ वरून ५ बाय ५, मग ७ बाय ७ केली की चुकांचं प्रमाण दर वेळी साधारण निम्मं होतं. मोठी बातमी खरी तर हीच.

कुलपाचं काय? आरएसए पद्धतीचं २०४८ बिटांचं कुलूप फोडायला १० लाखांपेक्षा थोडे कमी क्युबिट लागतील, असा गुगलच्या संशोधकाचा २०२५ मधला अंदाज आहे. म्हणजे अजून बराच पल्ला आहे. आज ओटीपी मागणारा फोन जास्त धोक्याचा.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये डीआरडीओच्या साथीने ६ क्युबिटांचा प्रोसेसर तयार झाला असून, त्याची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली.