उस्तादाचा शेवटचा मोसम

निवृत्तीचे वर्ष शिक्षकाला फार जपून काढावे लागते. शाल, हार, निरोपाची भाषणे सारे ठरलेले असते; पण नेमका त्याच वर्षी दहावीचा निकाल घसरला, तर आधीच्या तीस वर्षांची मेहनत लोक विसरून जातात. स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की मला लॉइड कार आठवतात. ते अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

हा फुटबॉल आपल्या मुलांचा नव्हे, हे आधी सांगायला हवे. चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो हातात धरून पळायचे किंवा साथीदाराकडे फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचे. तिथे कॉलेजच्या सामन्यालाही उरुसासारखी गर्दी लोटते. ॲन आर्बर शहरातल्या मिशिगनच्या मैदानात लाखाहून अधिक माणसे बसतात.

कार १९८० पासून या संघाबरोबर होते आणि १९९५ पासून मुख्य प्रशिक्षक. १९९७ साली त्यांच्या मुलांनी एकही सामना गमावला नव्हता. २००७ साली ते बासष्ट वर्षांचे होते आणि हा त्यांचा शेवटचा मोसम असेल, अशी कुजबुज सुरू होती. चॅड हेनी, माइक हार्ट आणि जेक लाँग हे तिघे व्यावसायिक संघांकडे न जाता शेवटच्या वर्षासाठी थांबले होते. देशभरच्या क्रमवारीत संघ पाचवा होता.

आणि १ सप्टेंबरला पहिल्याच सामन्यात ॲपलाचियन स्टेट या खालच्या गटातल्या संघाने त्यांना घरच्या मैदानावर ३४-३२ असे हरवले. क्रमवारीतल्या बड्या संघाला त्या गटातल्या कुणी हरवण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या शनिवारी ओरेगॉनने ३९-७ असे लोळवले, हेनी जखमी झाला. माणसाची किंमत दोन आठवड्यांत शून्यावर येते ती अशी.

अशा वेळी वर्गात काय होते, ते मला ठाऊक आहे. मुले मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहतात. इथे मुले पांगली नाहीत. नवख्या रायन मॅलेटला पुढे करून त्यांनी नोत्र दामला ३८-० असे हरवले आणि तो धरून ओळीने आठ सामने जिंकले. मिशिगन स्टेटविरुद्ध तर शेवटच्या सत्रात दहा गुणांनी मागे पडून २८-२४ अशी बाजी मारली.

पुढे विस्कॉन्सिनशी हरले. १७ नोव्हेंबरला ओहायो स्टेट या जुन्या प्रतिस्पर्ध्याशीही १४-३ असे हरले. दोनच दिवसांनी कार यांनी निवृत्ती जाहीर केली. पत्रकारांच्या आधी त्यांनी ती आपल्या खेळाडूंना सांगितली. मला हा क्रम फार आवडला.

एक सामना उरला होता. १ जानेवारी २००८, ऑरलँडो. समोर आधीच्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता फ्लोरिडा. कार सावध खेळाचे म्हणून ओळखले जात आणि त्यासाठी टोमणेही खात. त्या दिवशी त्यांच्या संघाने मैदानभर खेळाडू पसरून मोकळा, फेकीचा खेळ मांडला. ॲपलाचियनने त्यांना हरवले होते ते जवळपास अशाच पद्धतीने! बासष्टाव्या वर्षी, जाता जाता, नवा धडा. आमच्यातले किती जण तेवढे करतील?

हेनीने ३७३ यार्ड फेक केली. हार्टच्या हातून मात्र गुणरेषेजवळ दोनदा चेंडू सुटला, आणि तरीही त्याच्याकडे चेंडू देणे थांबले नाही. सामना ४१-३५ असा जिंकला. चार वर्षांत या मुलांनी मोसमाअखेरचा सामना एकदाही जिंकला नव्हता. हा पहिला आणि शेवटचा.

कार यांच्या जागी नवा माणूस डिसेंबरातच नेमला गेला होता. तेरा मोसमांत कार यांचे १२२ विजय आणि ४० पराभव झाले. सामना संपल्यावर मुलांनी त्यांना खांद्यांवर उचलून मैदानाबाहेर नेले.