पहिलीच बाइक, तीही थेट ३९०?

अप्रेझल झालं, पगार वाढला, की पुण्यातल्या पोरांच्या डोक्यात पहिलं काय येतं? फ्लॅट? छे! बाइक. आणि तीही शंभर सीसीची साधीसुधी नको, नाहीतर ऑफिसच्या पार्किंगमध्ये वळून कोण बघणार? २००४ मध्ये ‘धूम’ आला, जॉन अब्राहमने हायाबुसा पळवली आणि ते खूळ काही अजून उतरलेलं नाही.

सध्या ते माझ्या मामेभावाच्या डोक्यात आहे. वय २३, नोकरी हिंजवडीत, आजवरचा अनुभव आईच्या ॲक्टिव्हाचा. मित्रांच्या बाइकवर क्लच दाबला असेल दोन-चारदा. हवीये मात्र केटीएमची ३९० ड्यूक. ‘तू बाइक चालवतेस, तुझं ऐकेल तो. सांग ना काहीतरी,’ मामीचा मला फोन. आणि त्याचं म्हणणं, ‘ताई, लायसन्स आहे ना माझ्याकडे!’

गोची इथेच आहे. आपल्याकडे १८ पूर्ण झाल्यावर गिअरवाल्या मोटरसायकलचं लायसन्स एकदा हातात पडलं, की स्प्लेंडर चालवा नाहीतर हजार सीसीचं धूड, आरटीओचं काही म्हणणं नसतं. ब्रिटनमध्ये १७ व्या वर्षी १२५ सीसीपर्यंतच मुभा. १९ व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ बीएचपी. ही पायरी दोन वर्षं वापरली तर २१ व्या वर्षी हवी ती बाइक, नाहीतर थांबा २४ पर्यंत. आपल्याकडे फरक कळतो तो टॅक्सवाल्यांना! सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर १८ टक्के जीएसटी, त्यावर ४० टक्के.

अर्थात, सीसी म्हणजेच ताकद हाही एक गैरसमज. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घ्या. ताकद जेमतेम २० बीएचपी, वजन मात्र १९५ किलो. नवख्याला ती पळवताना नाही, उतारावरच्या पार्किंगमधून मागे ओढताना रडवते. ड्यूकचं गणित उलटं. स्प्लेंडर सुमारे ८ बीएचपी आणि ११२ किलो. २०२३ मध्ये आलेली ३९० ड्यूक ४५ बीएचपीच्या आसपास आणि १६८ किलो. म्हणजे वजन दीडपट आणि ताकद साडेपाचपट!

आता हे हातात कसं जाणवतं ते बघा. ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, दोन्ही उजव्या हातात. खड्ड्यात गाडी आपटली की नवखा माणूस हँडल घट्ट आवळतो आणि मनगट नकळत मागे वळतं. छोट्या बाइकवर इंजिन नुसतं भुंकतं. ड्यूकवर गाडी झेप घेते, अंग मागे फेकलं जातं, त्यामुळे मनगट आणखी वळतं आणि समोरच्या पीएमपीची मागची काच एकदम जवळ येते. या सगळ्याला किती वेळ लागतो? ‘अरे’ म्हणायला लागतो तेवढा.

‘पण ताई, त्यात रेन मोड आहे, एबीएस आहे.’ आहे ना. १२५ सीसीच्या वरच्या बाइकना २०१९ पासून एबीएस सक्तीचंच आहे. ते चाक लॉक होऊ देत नाही, पण ताम्हिणीच्या वळणात तुम्ही किती वेगाने शिरायचं हे ते ठरवत नाही. वळणात घाबरलं की नजर दरीकडच्या कठड्यावर खिळते, आणि गाडी नजरेमागे जाते. नजर सोडवून वळणाच्या पुढे न्यायची, ही सवय अंगात मुरायला किलोमीटर लागतात.

मी त्याला नाही म्हटलं नाही. ‘आत्ता नको’ म्हटलं. १२५ ते १६० सीसीची सेकंडहँड बाइक घे, एक अख्खा पावसाळा काढ, क्लच-गिअरचा विचार डोक्यातून जाऊ दे. वर्षाने विकलीस तरी फार घाटा नाही. त्यावर साहेबांचं उत्तर, ‘सेकंडहँडवर रील कोण बघणार?’ (माझ्याकडे याला उत्तर नव्हतं.) मामीला मी एवढंच सांगितलं की लायसन्स आहे म्हणजे बाइक येते असं नाही, तेव्हा डाऊनपेमेंटचे पैसे तूर्तास अडवून धर.

तुमचं बुकिंग आधीच झालंय? मग पहिले दोन-तीन रविवार सकाळी मोकळं मैदान गाठा. आठचे आकडे काढा आणि ३० च्या स्पीडवरून पुढचा ब्रेक हळूहळू आवळत थांबायचा सराव करा. पावसात रेन मोड सोडू नका. निदान सहा महिने मागे कुणाला बसवू नका, गर्लफ्रेंड रुसली तरी. आणि ॲक्सेसरीजच्या बजेटमधून सायलेन्सर काढून तिथे आयएसआय मार्कचं फुल-फेस हेल्मेट, जॅकेट आणि ग्लोव्हज लिहा. ग्लोव्हज लोक हमखास विसरतात, आणि पडताना माणूस आधी हातच टेकतो.